इंजिन माउंटिंगचा जाम झालेला लांब बोल्ट कसा काढायचा (केसिंग न फोडता)

बाईकचं इंजिन खाली उतरवायचंय म्हणून टाकी काढली, सायलेन्सर काढला, कार्बोरेटर बाजूला झाला, चेन निघाली, पुढच्या ब्रॅकेटचे छोटे बोल्टपण आरामात निघाले आणि मागचा खालचा लांब बोल्ट मात्र नट काढून तासभर झाला तरी जागचा हलायला तयार नाही, हे किनाऱ्याकडच्या गाड्यांचं ठरलेलंच आहे. हर्णै, मालवण, वेंगुर्ला, देवगड या भागातली शंभर-सव्वाशे सीसीची कुठलीही दहा-पंधरा वर्षं वापरलेली गाडी घ्या. त्यात ती गाडी मासळीच्या फेऱ्या मारणारी असेल तर विचारूच नका, क्रेटमधून बर्फाचं खारं पाणी रोज मागच्या बाजूला ठिबकत असतं आणि ते नेमकं चेन, स्विंग आर्म (मागचं चाक धरणारा, वरखाली हलणारा दांडा) आणि इंजिनच्या मागच्या बोल्टांवर जातं.

एक गोष्ट आधीच ठरवून टाका, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. इथे बोल्ट वाचवायचा नाहीये, क्रँककेस म्हणजे इंजिनचं बाहेरचं केसिंग वाचवायचंय. बोल्ट बाजारात मिळतो, नाही मिळाला तर लेथवाला बनवून देतो. क्रँककेसचा कान, म्हणजे ज्या भोकातून बोल्ट जातो तो बाहेर आलेला भाग, तुटला तर इंजिन पूर्ण खोला, केसिंग बदला नाहीतर आरगॉन वेल्डिंग करून परत भोक मारून घ्या, म्हणजे खर्च कुठच्या कुठे जातो. बहुतेक केसिंग फुटतात ती बोल्ट परत वापरायच्या हट्टापायी.

जाम होतो म्हणजे नक्की काय होतं

बोल्ट लोखंडाचा, क्रँककेस अ‍ॅल्युमिनियमचं. दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटून आणि मध्ये खारं पाणी, की तिथे छोटी बॅटरीच तयार होते आणि त्यात अ‍ॅल्युमिनियम झिजत जातं. झिजलेल्या अ‍ॅल्युमिनियमची पांढरी पूड होते आणि ती मूळ धातूपेक्षा जास्त जागा खाते. भोकात जागा आधीच नसते, मग ती पूड बोल्टला चारी बाजूंनी आवळून धरते. वर बोल्टचा स्वतःचा गंज असतोच. म्हणजे आपण जे सोडवतोय ते आटे नाहीत, आटे तर नटाबरोबर केव्हाच सुटले, आपण बोल्टची मधली गुळगुळीत दांडी सोडवतोय जी चांगली चार-पाच इंच लांब चिकटलेली असू शकते. वरून दोन फवारे मारून ती सुटणार नाही ते यामुळेच.

आधी बघा कुठे अडकलाय

हे न बघता लोक हातोडा घेतात. नट पूर्ण काढा, वायसर (वॉशर) काढा, मग बोल्टच्या डोक्याला चांगली सहा कोनी गोटी (सॉकेट) किंवा रिंग पाना लावा. बारा कोनी नको, फिक्स म्हणजे उघड्या तोंडाचा पाना तर अजिबात नको. साइज नीट बघा, जपानी पद्धतीच्या गाड्यांवर ८ एमएम बोल्टला बहुतेक १२ नंबर लागतो आणि १० एमएमला १४ नंबर. गंजलेल्या डोक्यावर जवळपासचा पाना ठोकून बसवला की कोपरे गेलेच म्हणून समजा.

आता फिरवून बघा. बोल्ट जागच्या जागी फिरतोय पण बाहेर येत नाही, असं असेल तर तुम्ही नशीबवान आहात, बहुतेक वेळा इंजिनचं वजन त्यावर आलेलं असतं नाहीतर टोकाचे आटे फ्रेमच्या भोकाच्या कडेत अडकलेले असतात. बोल्ट अजिबात फिरत नसेल तर तो केसिंगमध्ये धरलाय. तिसरा प्रकार फसवा आहे, पाना थोडा फिरतो आणि सोडला की स्प्रिंगसारखा मागे येतो. याचा अर्थ बोल्ट सुटत नाहीये, पिळला जातोय. तिथेच थांबा, अजून जोर लावला की डोकं तुटून हातात येणार.

अजून एक, काही गाड्यांमध्ये स्विंग आर्मचा दांडाच इंजिनच्या केसिंगमधून आरपार जातो. तुमची गाडी तशी असेल तर अडकलेली जागा स्विंग आर्मच्या बुशमध्येपण (भोकातली नळी) असू शकते. स्विंग आर्म वरखाली हलवताना दांडा सोबत फिरतोय का बघा, फिरत असेल तर तो बुशला धरलाय.

वजन काढा

बाकीचे माउंटिंग बोल्ट काढून टाकू नका. फक्त अर्धा-एक आटा ढिले करा आणि जागेवर राहू द्या. सगळे बोल्ट काढून हा एकच शिल्लक ठेवला की पूर्ण इंजिन त्याच्यावर लटकतं आणि वर तुम्ही ठोकायला लागलात की इंजिन हलतं, मार वाया जातो आणि केसिंगचा कान वाकडा ताण खातो. म्हणून जाम असलेला बोल्ट सगळ्यात आधी सोडवायचा, बाकीचे नंतर.

इंजिनखाली जॅक लावा, मध्ये लाकडाचा ठोकळा. गाडी मेन स्टँडवर घट्ट उभी पाहिजे. आता जॅक अगदी हलके हलके वर घ्या, थोडा खाली घ्या आणि प्रत्येक वेळी बोल्ट फिरवून बघा. फिरणारा पण न निघणारा बोल्ट बऱ्याचदा इथेच सुटतो आणि पुढचं काही वाचायची गरज उरत नाही.

तेल पाजा आणि खरंच थांबा

सगळ्यात आधी वायर ब्रशने दोन्ही बाजूंचा चिखल, चेनच्या ग्रीसचा थर, पांढरी पूड साफ करा. चिखलावर स्प्रे मारला तर चिखल भिजतो, बोल्ट नाही. मग पेनिट्रेटिंग ऑइल. डब्ल्यूडी-४० मारलं तर चालेल पण ते मुळात पाणी हटवायला बनवलेलं आहे, नावातच वॉटर डिस्प्लेसमेंट आहे, खास जाम बोल्टसाठीचं पेनिट्रेटिंग ऑइल मिळालं तर ते घ्या. गॅरेजवाले एटीएफ म्हणजे ऑटो गिअरबॉक्सचं ऑइल आणि अ‍ॅसिटोन निम्मं निम्मं मिसळून वापरतात, ते चांगलं काम करतं, फक्त ते प्लॅस्टिकला आणि रंगाला खातं आणि पटकन पेट घेतं, त्यामुळे ज्या दिवशी हे वापराल त्या दिवशी आग जवळ आणायची नाही.

गाडी एका बाजूला कलंडून ठेवता आली तर फार बरं, म्हणजे तेल आपोआप खाली उतरतं. फ्रेम आणि केसिंग यांच्यामध्ये जी बारीक फट असते तिच्यात स्प्रेची नळी घालून मारा, बाहेर डोक्यावर मारून उपयोग नाही. सकाळी एकदा, रात्री एकदा, असं दोन-तीन दिवस करा आणि प्रत्येक वेळी तेल मारल्यावर बोल्टच्या दोन्ही टोकांना हलके ठोके द्या. ते ठोके बोल्ट काढायला नाहीत, पूड तडकून तेलाला वाट मिळावी म्हणून. मेकॅनिकला दोन दिवस गाडी अडकवून ठेवायला परवडत नाही म्हणून गॅरेजमध्ये ही पायरी बहुतेक गाळली जाते. घरी करताय तर तुमच्याकडे वेळ आहे, वापरा.

टॉयलेट क्लीनर, बॅटरीचं अ‍ॅसिड, कॉस्टिक सोडा असलं काही ओतू नका. अ‍ॅसिड लोखंडाबरोबर अ‍ॅल्युमिनियमपण खातं आणि कॉस्टिक तर लोखंड सोडून फक्त अ‍ॅल्युमिनियमच खातं, म्हणजे बरोबर उलटं काम.

ठोकायचं कसं

नट परत लावा, बोल्टच्या टोकाच्या बरोबरीने किंवा केसाएवढा बाहेर, म्हणजे मार नट आणि बोल्ट दोघांवर बसेल आणि टोक फुगणार नाही. फुगलेलं टोक भोकातून मागे जात नाही, मग ते ग्राइंडरने कापत बसावं लागतं. मूळ नट वापरू नका, तसल्याच आट्याचा जुना घ्या. वर पितळेचा किंवा तांब्याचा तुकडा धरा.

हातोडा एक किलोच्या आसपासचा पाहिजे. छोट्या हातोडीने पन्नास वेळा टकटक करण्यापेक्षा जड हातोड्याचे चार सरळ ठोके कामाचे. छोट्या हातोडीने फक्त टोक फुगतं, दांडीपर्यंत धक्का जातच नाही. ठोका बोल्टच्या रेषेत सरळ गेला पाहिजे, तिरका गेला की तो केसिंगच्या कानाला उचकटतो. शक्य असेल तर दुसऱ्या बाजूला, डोक्याच्या शेजारी फ्रेमच्या पट्टीला टेकवून एकाला जड लोखंडी ठोकळा धरायला सांगा, म्हणजे फ्रेम झोका खाणार नाही. गॉगल घाला, गंजाचे कण थेट डोळ्यात येतात.

फिरवायचं असेल तर आधी आवळायच्या दिशेला थोडं, मग सोडायच्या दिशेला, परत आवळायच्या. पान्याला पाइप लावून एका दिशेला लटकू नका. इम्पॅक्ट गन असेल तर कमी सेटिंगला ठेवून थोडा थोडा वेळ दोन्ही दिशांना मारा, तिचे बारीक धक्के हाताच्या जोरापेक्षा बरे. पंधरा-वीस चांगल्या ठोक्यांत बोल्ट मिलिमीटरभरसुद्धा सरकला नाही तर हातोडा ठेवा आणि गरम करायच्या तयारीला लागा.

गरम करणं, खरं काम इथे होतं

अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. १० एमएमचं भोक धरा, १२० अंशांनी तापमान वाढवलं आणि बोल्टपण तेवढाच तापला तरी भोक बोल्टपेक्षा एक शतांश मिलिमीटरच्या वर मोठं होतं. बोल्ट थंड ठेवता आला तर हीच जागा दुप्पट मिळते. ऐकायला काहीच नाही वाटत, पण आपल्याला बोल्ट खळखळा नाचवायचा नाहीये, पुडीची पकड तोडायचीये. तापवा, गार होऊ द्या, परत तापवा, या फेऱ्यांतच ती पकड तुटते.

त्याआधी सुरक्षितता, आणि ही खरंच करा. टाकी, पेट्रोल पाइप, कार्बोरेटर गाडीपासून लांब दुसऱ्या ठिकाणी. बॅटरी काढलेली. पेनिट्रेटिंग ऑइल पुसून घ्या आणि हवा खेळू द्या. ब्रेक क्लीनर मारलेल्या जागेवर ज्योत नको, त्यातल्या क्लोरीनवाल्या प्रकारांचा तापल्यावर विषारी गॅस होतो. वायरिंगवर ओलं फडकं. बादलीभर वाळू आणि पाणी बाजूला. काम उघड्यावर करा, बंद शेडमध्ये नको.

हीट गनपासून सुरुवात करा. हीट गनने भागलं नाही तरच छोटा गॅस टॉर्च. तापवायचं ते केसिंगचा कान, बोल्ट नाही. ज्योत फिरती ठेवा, एका जागी धरू नका. अ‍ॅल्युमिनियमची खोड अशी की ते लोखंडासारखं लाल होऊन इशारा देत नाही, शुद्ध अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशाला वितळतं आणि केसिंगचं ओतीव मिश्रण त्याच्याही आधी, आणि वितळेपर्यंत रंग तसाच दिसतो. म्हणून पाण्याचा थेंब टाकून बघत राहा. थेंब चुरचुरून उडून गेला तर शंभरच्या पुढे आलो, हे आपल्याला पाहिजे. थेंब तव्यावर नाचतो तसा गोळी होऊन पळायला लागला तर पुरे, ज्योत बाजूला घ्या. जवळ स्प्रॉकेटच्या मागचं ऑइल सील असतं, ते रबरी सील या उष्णतेत टिकेलच असं नाही, सरळ नवीन आणून ठेवा, स्वस्त असतं.

कान तापला की लगेच बोल्टच्या टोकावर ओलं फडकं धरून तेवढा बोल्ट गार करा आणि लगेच फिरवा किंवा ठोका. हातमोजे चामड्याचे, सिंथेटिक नको, ते वितळून कातडीला चिकटतात. अजून एक जुनी युक्ती म्हणजे गरम सांध्याला मेणबत्ती टेकवायची, पातळ मेण फटीत ओढलं जातं आणि वंगणाचं काम करतं. ज्योत पूर्ण बंद करूनच, हे सांगायला नको.

हातोड्यापेक्षा ओढ बरी

गरम करूनपण हलला नाही, तर मला सगळ्यात भरवशाची वाटणारी पद्धत ही. बोल्टचं डोकं ग्राइंडरने कापून टाका, फ्रेमच्या सपाटीला. हो, बोल्ट गेला, पण आता तो नटाच्या बाजूने ओढून बाहेर काढता येतो, जे डोकं असताना शक्यच नव्हतं.

नटाच्या बाजूला बोल्टवर जाड भिंतीच्या पाइपचा तुकडा घाला, आतून बोल्टपेक्षा जरासाच मोठा. त्यावर दोन-तीन जाड वायसर, त्यावर हाय टेन्साइल नट, आट्यांना भरपूर ग्रीस. नट आवळायला लागा, बोल्ट पाइपमधून ओढला जातो. ८.८ ग्रेडचा (हा बोल्टच्या ताकदीचा नंबर) ८ एमएम बोल्टसुद्धा दोन टनांच्या आसपास ओढ सहन करतो, १० एमएम तीन टनांच्या वर, आणि ही ओढ एकदम सरळ रेषेत असते, हातोड्यासारखी वाकडी नाही. फक्त एक बघा, फ्रेमची पट्टी आणि केसिंगचा कान यांच्यात फट असेल तर तिथे मापाचे वायसर कापून घुसवा, नाहीतर ओढ येईल तशी फ्रेमची पट्टी आत वाकेल.

नट चांगला ताणात आणून ठेवा आणि मग ताण असतानाच कान तापवा. ग्रीस लागलेल्या बाजूला ज्योत जाऊ देऊ नका. सोबत कापलेल्या टोकावर पंच ठेवून एक-दोन ठोके द्या. बऱ्याचदा कडक असा मोठा आवाज येतो आणि नट एकदम हलका फिरतो. घाबरू नका, पण लगेच थांबून बघा, बोल्ट खरंच सरकलाय की आटे सोलले गेलेत. सरकला असेल तर नट आट्यांच्या शेवटापर्यंत आवळा, मग ढिला करून जास्त लांब पाइप लावा आणि परत. एकदा इंचभर आला की पुढे ग्रिप प्लायरने फिरवत फिरवत हाताने येतो. नट खूप जड झाला आणि तरी काही सरकत नाही, तर ताणातच रात्रभर ठेवून द्या आणि सकाळी परत तापवा.

तरीही नाहीच

मग बोल्ट दोन्ही बाजूंनी फ्रेम आणि केसिंगच्या मधल्या फटीत कापायचा आणि इंजिन आत अडकलेल्या तुकड्यासकट खाली घ्यायचं. हॅक्सॉचं नुसतं ब्लेड पाऊण मिलिमीटरच्या आसपास जाड असतं, फटीत बहुतेक जातं, एका टोकाला कापड गुंडाळून हाताने चालवा. केसिंगच्या बाजूला पातळ पत्रा सरकवून ठेवा म्हणजे दाते अ‍ॅल्युमिनियमला लागणार नाहीत. वेळ लागतो, ब्लेडपण दोन-चार जातील, आणि आता बाकीचे बोल्ट इंजिनला धरून आहेत का, जॅक नीट आहे का हे कापायच्या आधी बघा कारण शेवटचा धागा कापला की इंजिन खाली बसतं.

इंजिन बाहेर आल्यावर हा घरचा खेळ राहत नाही. हायड्रॉलिक प्रेसवाल्याकडे न्या, कानाखाली बरोबर मापाचा पाइप टेकू म्हणून लावायला सांगा, तापवून दाबायला सांगा. टेकू दुसरीकडे कुठे दिला तर प्रेस केसिंग बिस्किटासारखं मोडते, म्हणून तिथे उभं राहून बघा. हाताच्या ड्रिलने आरपार भोक मारायचा मोह आवरा, ड्रिल कडक बोल्टवरून सरकून मऊ अ‍ॅल्युमिनियमकडे पळतं आणि चार इंचात ते कुठल्या कुठे जातं. हे मिलिंगवाल्याचं काम, पकडून, सेंटर काढून. भोक खराब झालंच तर तो मोठं करून बुश बसवून देतो.

छोटा बोल्ट आट्यातच तुटला असेल तर वेगळा उपाय आहे, तुकड्यावर नट ठेवून आतून वेल्ड करायचा. वेल्डिंग अ‍ॅल्युमिनियमला चिकटत नाही आणि त्याच्या उष्णतेनेच तुकडा सुटतो. आधी बॅटरी आणि सीडीआय किंवा ईसीयू (इग्निशनचे इलेक्ट्रॉनिक डबे) यांचे कनेक्टर काढा. इझी-आउट, म्हणजे तुटलेला तुकडा फिरवून काढायचं उलट्या आट्यांचं हत्यार, मला आवडत नाही, ते आत तुटलं तर ड्रिलसुद्धा लागत नाही त्याला. आणि केसिंग पूर्ण रिकामं, सगळी बेअरिंग काढलेलं असेल तर तुरटीच्या गरम पाण्यात बुडवून ठेवायची युक्ती आहे, तुरटी लोखंड खाते आणि अ‍ॅल्युमिनियमला फारसा हात लावत नाही, वेळ मात्र भयंकर लागतो.

परत बसवताना

भोकातली पांढरी पूड काढा, एखाद्या बारीक काठीवर बारीक एमरी पेपर गुंडाळून हलक्या हाताने, भोक मोठं होता कामा नये. नवीन बोल्ट बोटाने सरकत आरपार गेला पाहिजे, ठोकून घालावा लागत असेल तर अजून साफ करा. बोल्ट कंपनीच्या मापाचा आणि ग्रेडचा घ्या. चकचकीत एसएस (स्टेनलेस स्टील) बोल्ट घालायची फॅशन आहे ती इथे नको, नेहमीचा ए२-७० ग्रेडचा एसएस बोल्ट ८.८ पेक्षा कमी ताकदीचा असतो आणि अ‍ॅल्युमिनियमला साध्या बोल्टपेक्षा तोच जास्त खातो.

बोल्टच्या गुळगुळीत दांडीला वॉटरप्रूफ ग्रीस किंवा अँटी-सीझ (जाम होऊ न देणारी पेस्ट) सगळीकडे चोपडा, भोकातपण. आट्यांना लावू नका, कारण मॅन्युअलमधला टॉर्क (आवळायच्या जोराचा आकडा) बहुतेक कोरड्या आट्यांसाठी असतो आणि ग्रीस असेल तर तेवढ्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो. आकडा मॅन्युअलमधलाच पाळा, अंदाजासाठी सांगायचं तर ८.८ ग्रेडच्या ८ एमएमला २५ न्यूटन मीटरच्या आसपास, १० एमएमला ४५ ते ५०. नायलॉकवाला (आत नायलॉनची रिंग असलेला) नट असेल तर नवीन. आधी सगळे बोल्ट हाताने घाला, इंजिन जागेवर बसू द्या, मग जॅक सोडा आणि शेवटी सगळे आवळा.

बोल्ट कंपनीने ज्या बाजूने घातला होता त्याच बाजूने घाला, उलटा घातला तर पुढच्या वेळी चेन कव्हर किंवा फुटरेस्ट आडवं येऊन तो बाहेरच काढता येत नाही. चार-पाचशे किलोमीटरनंतर एकदा टॉर्क बघून घ्या. किनाऱ्यावरची गाडी असेल तर दरवर्षी मे महिन्यात, पावसाच्या आधी, इंजिनखाली जॅक लावून एकेक बोल्ट बाहेर काढा, पुसा, ग्रीस लावून परत घाला, आणि एका वेळी एकच काढा.